तुटलेल्या भूमीचा बोकड

दिव्यानीने प्राणिशास्त्रात बीएस्सी केलं आणि मग ती हिब्रू शिकायला लागली, तेव्हा आमटोल्यात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. डिग्रीनंतर पोरं काय काय करतात याची गावाला सवय होती. एकाने तर इंजिनियर होऊन मोमोजची गाडी टाकली होती. फक्त मोहर्लीहून तिच्या बाबांचा फोन आला. ते तिथे जंगल सफारीला पर्यटकांची जिप्सी चालवायचे.

"पुण्यात नंबर लागला तं जाय बाप्पा. नाई लागला तं एक तारखेले गेट उघडते, गाइडमंधी तुह्यं नाव सांगून ठेवलो आहे."

म्हणजे एक तर हिब्रू ग्रंथ, नाही तर जन्मभर 'सर, टायगर आत्ताच गेला' म्हणणं. मधलं काही नव्हतं.

पुण्याच्या संस्थेत हिब्रू ग्रंथांच्या अभ्यासाला प्रवेश मिळण्यासाठी मुलाखत होती. पहिली फेरी फोनवर बरी झाली, पण शेवटी तिथल्या मॅडमनी खडा टाकला. "हिब्रू ग्रंथात प्रायश्चित्ताच्या दिवशी पुरोहित बोकडाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करतो आणि बोकड रानात सोडतात. बरोबर? मग नुसतं 'रान' म्हणून भागत होतं. तरी मजकूर म्हणतो, 'तुटलेली भूमी'. का? शुक्रवारी सांगा. पुस्तकातलं उत्तर नको, ती पुस्तकं मी वाचली आहेत."

दिव्यानीने त्या शब्दाचा मूळ धातू शोधला, 'कापून वेगळं करणं', त्याची रूपं मांडली, त्या काळच्या शेजारच्या हित्ती लोकांचे विधी वाचले. तेही साथ आली की मेंढ्याला रंगीत लोकरीचा मुकुट घालून हाकलायचे, पण थेट शत्रूच्या मुलखात. उत्तर काही सापडेना. शेवटी जेवताना तिने सगळी हकीकत मोठ्या आईला आणि मोठ्या बाबांना सांगितली. तिथेच चुकलं.

सोमाजी, म्हणजे मोठे बाबा, तिच्या बाबांचे थोरले भाऊ, घास हातात धरून बसले. "म्हंजे आपली मारबतच की!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं गाव मारबतीचा पुतळा, तुटके झाडू, फुटकी सुपं घेऊन 'रोगराई, खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत' असं ओरडत शिवेपर्यंत जायचं.

"पण मारबत दरसाली नेतो, अन् खोकला दरसाली येते," सोमाजी म्हणाले. "काऊन? तिले पाय नाईत. बोकडाले चार आहेत!"

"मोठे बाबा, तो अभ्यासाचा विषय आहे, औषध नाही."

"आपला बोकड न्या," मोठी आई, भागीरथाबाई, मधेच म्हणाल्या. "मेल्यानं माह्या वालाचा मांडव खाऊन टाकला."

दिव्यानीने आणखी जोरात विरोध करायला हवा होता. पण तिच्यातली प्राणिशास्त्रवाली जागी झाली होती. तीन हजार वर्षांत हा प्रयोग कुणी नीट पाहून टिपून ठेवलेला नव्हता.

पोळा त्याच आठवड्यात होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे बोकड उभा केला. कपाळाला शेंदूर लावला, गळ्यात झेंडूची माळ घातली, ती त्याने लगेच खाल्ली. दिव्यानीने सांगितलं, एकानेच सगळ्यांतर्फे बोलायचं. ते कुणाला पटलं नाही. "माह्यं पाप सोमाजीले काय ठाऊक?" असं म्हणत लोक रांगेत उभे राहिले.

पहिल्याने बोकडाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "हेमराजनं माह्या बांधावरची तूर तोडली, थे पाप जाय!"

"कोण तोडली बे?" हेमराज रांगेतून बाहेर आला. त्याने बोकडाचं शिंग धरलं. "अन् यानं तलावातली माह्यी जाळी उचकून मासोळ्या नेल्या, थेही जाय!"

मग रांग राहिलीच नाही. जो तो शेजाऱ्याचं पाप बोकडाच्या डोक्यावर घालू लागला. स्वतःचं एकानेही सांगितलं नाही. कबुली एकट्या पुरोहिताने का द्यायची, ते दिव्यानीला तेवढ्यात कळलं. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र अजून मिळालं नव्हतं.

सगळ्यात जास्त पापं हेमराजची निघाली, म्हणून बोकड न्यायचं काम त्याच्याकडेच आलं. जंगलात वाघ होता. बोकड वाघाच्या तोंडी द्यायला भागीरथाबाईंचा जीव होईना. "इथीच नाल्यापलीकडं सोड," त्या हळूच म्हणाल्या. "पण खाऊ घालून सोड."

नाल्यापलीकडे शेजारच्या पाथरटोला गावाची शीव सुरू होत होती.

दुसऱ्या दिवशी पाथरटोल्याचे वामनराव दहा-बारा माणसं घेऊन आले. पुढे बोकड. त्याच्या शिंगांना दोन जुने झाडू बांधलेले, पाठीवर फुटकं सूप.

"सोमाजीभाऊ, तुमची पापं आमच्या शिवेत काऊन धाडता जी?"

"जनावर हाय, गेलं असन चरत."

"चरत? कपाळावर शेंदूर हाय त्याच्या!" वामनरावांनी दोर सोमाजींच्या हातात दिला. "घ्या आपला माल. आमच्या इथची खाज-खरूजबी टाकली हाय वरून. आता होऊ द्या बरोबरी."

सोमाजींनी दोर सोडला. वामनरावांनी पकडला. दोघं नाल्यापर्यंत बोकड ओढत गेले आणि बराच वेळ पाण्यात उभे राहून 'तुमचा', 'नाई, तुमचा' करत राहिले. शेवटी बोकडाने स्वतःच निर्णय घेतला आणि भागीरथाबाईंच्या उरलेल्या वालाकडे धावत सुटला.

चामोर्शीच्या बाजारात विकायला नेला, तर त्याला कुणी हात लावेना. पापाचा बोकड येतोय ही बातमी त्याच्याआधी पोहोचली होती. कापून खावा तर दोन गावांची पापं पोटात जाणार. तो अंगणात राहिला आणि फुगत चालला.

शुक्रवारी रेंज फक्त अंगणातच होती. दिव्यानी खाटेवर बसली, मॅडम पडद्यावर आल्या.

"तर? तुटलेली भूमी का?"

"मॅडम, कारण रानाच्या पलीकडे कुणीतरी राहतं," दिव्यानी म्हणाली. "बोकड पाठवणं सोपं आहे. तो परत येतो, आणि शेजाऱ्याची पापंही घेऊन येतो. हित्ती लोक शत्रूकडे पाठवायचे, म्हणजे पलीकडे कुणी आहे हे त्यांना माहीत होतं, आणि तेच त्यांना हवं होतं. इथे मजकुराला भांडण नको आहे. म्हणून त्याला अशी जागा लागते, जिथे बोकड परत पाठवणारं कुणीच नाही."

मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं. "तर्क चांगला आहे. पुरावा?"

दिव्यानीने फोन वळवला. बोकडाच्या एका शिंगाला अजून अर्धा झाडू लटकत होता, कारण पाथरटोल्याची खरूज सोडवायला कुणी धजत नव्हतं. उरलेला अर्धा तो चघळत होता.

मॅडमचा चष्मा पडद्याच्या अगदी जवळ आला. मग त्या इतक्या हसल्या की आवाज तुटायला लागला. "पंधरा तारखेपर्यंत हजर व्हा," एवढंच शेवटी नीट ऐकू आलं.

दिव्यानीने फोन ठेवला तेव्हा भागीरथाबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोळे पुसता पुसता त्यांनी खुंटीचा दोर सोडला.

"पुण्यात आपल्या वळखीचं कोणी हाय का वं?"

"कुणीच नाही, मोठी आई."

"मंग बरं झालं," म्हणत त्यांनी दोर दिव्यानीच्या हातात दिला. "याले घेऊनच जाय."