गुडमुंडची मोठी शेगडी

घर तापवायची ती दगडी शेगडी दारातून आत जाईना. आम्ही चौघं घामाघूम झालो होतो, बाहेर बर्फ भुरभुरत होतं, आणि गुडमुंड अंगणात इकडून तिकडं करत हुकूम सोडत होता. डावीकडं घ्या, जरा उचला, आता टेकवा. शेवटी आमच्यातला ओड्वार म्हणाला की दार काढल्याशिवाय हे धूड काही आत यायचं नाही. मग बिजागऱ्या सोडवून दार काढलं, चौकटीची एक पट्टीही उखडली, आणि सगळ्या घरात गार वारं शिरलं. गुडमुंडची बायको ओस्हिल्ड स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती.

"आत आणायला दार काढावं लागतंय," ती म्हणाली. "म्हंजे घरच नगं म्हणतंय की."

"घराला काय कळतंय," गुडमुंड म्हणाला.

आम्ही हसलो आणि पुन्हा हात घातला. आमच्या या नॉर्वेतल्या खोऱ्यात जड काम कुणी एकट्यानं करत नाही. शेजाऱ्यांना बोलवायचं, त्यांनी उचलून द्यायचं, आणि मग घरच्या बाईनं सायीची लापशी वर लोणी आणि दालचिनी घालून वाढायची. लापशी ओस्हिल्डनं केली होती आणि चांगली केली होती. पण ती वाढताना कुणाशी बोलली नाही. मी तिचा सख्खा शेजारी, तार्येई, मला तिची ही गप्प बसायची तऱ्हा माहीत आहे. रागावली की ती भांडी आपटत नाही, उलट फार हळू ठेवते.

रागाचं कारण असं. दोघं शहरातल्या दुकानात शेगडी घ्यायला गेली होती. दुकानदारानं खोली केवढी, छत किती उंच, खिडक्या किती, सगळं विचारून घेतलं आणि एक लहान शेगडी दाखवली. बिडाची, गुडघ्याएवढी, वर किटली बसेल एवढी सपाट जागा. ओस्हिल्डला ती पाहताक्षणी आवडली. गुडमुंडनं मात्र तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. तो सरळ कोपऱ्यातल्या दगडी बांधणीच्या शेगडीपुढं जाऊन उभा राहिला. ही शेगडी मोठ्या दिवाणखान्यासाठी आहे, लहान घरात ती पूर्ण पेटवताच येणार नाही, असं दुकानदारानं परोपरीनं सांगितलं. गुडमुंडचं एकच म्हणणं, माझ्या घरात कुणाला थंडी वाजता कामा नये.

आता हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून आलं ते आम्हा जुन्या माणसांना ठाऊक होतं. त्याच्या बापाचं घर म्हणजे नुसती फटींची माळ. सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फ धरलेलं असायचं. त्या घरची पोरं शाळेत यायची ती अंगावरचा कोट दिवसभर काढायची नाहीत, आणि बाकीची पोरं त्यांना चिडवायची. एकदा कुणीतरी पाहुणा आला, खुर्चीवर टोपीसकट बसला आणि पाच मिनिटांत उठून गेला. गुडमुंड हे अजून सांगतो, आणि सांगताना त्याचे कान लाल होतात. माणूस साठीला आला तरी ती लाज काही त्याच्या अंगातून गेली नाही.

तर शेगडी बसली. खाली पाटीचा दगड अंथरला, मागची लाकडी भिंत वाचवायला विटांची भिंत उभी केली, धुराड्याला भोक पाडून नळी जोडली. नगरपालिकेची धुराडं झाडणारी बाई येऊन सगळं तपासून गेली. जाताना तिनं फक्त एवढंच विचारलं की एवढी मोठी कशाला घेतलीत. गुडमुंडनं ऐकू न आल्यासारखं केलं.

इथं एक सांगायला हवं. गुडमुंड हा आमच्या गावच्या आगीच्या पथकाचा म्होरक्या. आम्ही सहा जण, सगळे शेतकरी नाहीतर सुतार, कमरेला आगीची वर्दी देणारा पेजर लावून फिरणारे. दर शरद ऋतूत गावच्या सभागृहात गुडमुंड भाषण करायचा आणि ते सगळ्यांना पाठ झालेलं होतं. शेगडीची हवा दाबू नका. विस्तव नीट पेटू द्या, ज्वाळा दिसू द्या. हवा दाबून लाकूड धुमसत ठेवलं की धुराड्यात काजळीचं डांबर साचतं, आणि मग एक दिवस ते पेट घेतं. एवढं बोलून तो समोरच्यांकडं असा बघायचा की प्रत्येकाला वाटावं, हा माझ्याच घरात डोकावून आलाय.

आणि हाच गुडमुंड त्या हिवाळ्यात घरी हवा दाबून बसायला लागला.

दुसरं करणार काय? शेगडी नीट पेटवली की तासाभरात खोलीत बसवेना. ओस्हिल्ड बाह्या सरसावून बसायची, कुत्रं बाहेर जायला दार खरवडायचं, मेणबत्त्या वाकायच्या. खिडकी उघडणं सोपं होतं. पण कडाक्याच्या थंडीत खिडक्या सताड उघड्या दिसल्या असत्या तर रस्त्यानं जाणाऱ्याला लगेच कळलं असतं, की गुडमुंडला शेगडी झेपली नाही. साऱ्या नॉर्वेत लोक हसले असते असं त्याला वाटायचं. म्हणून तो हवा कमीजास्त करायचा दांडा दाबून ठेवायचा आणि लाकूड नुसतं धुमसायचं. शेगडीची काच काळीकुट्ट व्हायची. ओस्हिल्ड रोज सकाळी ओला कागद राखेत बुडवून ती घासून काढायची, म्हणजे कुणी आलं तर दिसायला नको. नवऱ्याची लाज तिनंही आपल्या पदरात घेतली होती.

माझ्या घरातून त्यांचं धुराडं दिसतं. त्यातून पिवळट, जड धूर निघायचा आणि छपरावरून खाली घरंगळायचा. आम्हा पथकातल्या सगळ्यांना त्याचा अर्थ कळत होता. पण त्याला सांगायचं कुणी? जो आपल्याला शिकवतो त्याला जाऊन काय म्हणायचं? आम्ही एकमेकांकडं बघायचो आणि हवापाण्याच्या गप्पा मारायचो.

मग जानेवारीतला तो रविवार आला. असा गारठा पडला की मेंढ्यांच्या मिशांना बर्फ धरलं. आता कुठं शेगडीच्या जोगी थंडी पडली म्हणून गुडमुंड खूश झाला. त्यानं बर्चची कोरडी लाकडं रचली आणि हिवाळ्यात पहिल्यांदा हवेचा दांडा पूर्ण उघडला. दुपार कलायच्या आत धुराड्यातून घोंघावल्यासारखा आवाज यायला लागला.

पुढचं ओस्हिल्डनं मला नंतर सांगितलं. आवाज कसला ते गुडमुंडला क्षणात कळलं. त्यानं हवा बंद केली, शेगडीचं दार बंद केलं, जे करायचं ते बरोबर केलं. पण ती फोनकडं गेली तर तो आडवा आला.

"थांब. विझंल आपोआप."

"न्हाई विझलं तर?"

"मी म्होरक्या हाय, ओस्हिल्ड. माझ्याच घरी बंब बोलावू? गावात तोंड कुठं दाखवू?"

ती वर माडीवर गेली आणि झोपायच्या खोलीत धुराड्याला लागून असलेल्या भिंतीवर तिनं हात ठेवला. हात टिकेना, भिंतीवर चिकटवलेला कागद तपकिरी व्हायला लागला होता. ती खाली आली, मेंढ्यांना बघून येते म्हणाली, आणि गोठ्यात जाऊन तिथल्या फोनवरून तिनं बंब बोलावला. मिनिटभरात गुडमुंडच्या कमरेचा पेजर वाजला. त्यावर त्याच्याच शेताचं नाव होतं, हौगेन.

माझाही वाजला. मला आधी वाटलं काहीतरी चूक झाली असेल. मग खिडकीतून पाहिलं तर धुराड्याच्या तोंडातून ज्वाळा निघत होत्या.

आम्ही बंब घेऊन पोचलो तेव्हा गुडमुंड अंगणात उभा होता, पथकाचे कपडे, बूट, टोप सगळं चढवून. पेजर वाजला की कपडे चढवायचे, एवढंच त्याला सुचलं होतं. आमच्यात येऊन उभं राहावं की घराच्या बाजूला, हे काही त्याला कळेना. त्यानं तोंड उघडलं, बहुधा हुकूम द्यायलाच. ओड्वार त्याच्याजवळ गेला.

"गुडमुंड, टोप काढ," तो हलकेच म्हणाला. "आज तू घरवाला हाईस."

त्यानं टोप काढला. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढली, पण तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मी मुकाट्यानं शिडी उचलली आणि छपराकडं वळलो.

वरून साखळीला लावलेला गोळा आणि ब्रश सोडून आम्ही धुराडं झाडलं. लालभडक डांबराची ढेकळं खाली कोसळली, ती लोखंडी बादल्यांत भरून बर्फात नेऊन टाकली. माडीवरची भिंत कुऱ्हाडीनं फोडली तर आतली एक तुळई कोळशासारखी काळी झाली होती. तिथूनच विजेच्या तारा गेल्या होत्या, म्हणून घराची वीज तोडली. आणखी थोडा उशीर झाला असता तर घर गेलं असतं. ओड्वारनं ते बोलून दाखवलं नाही, पण गुडमुंड स्वतः वर येऊन तुळईला हात लावून गेला. त्याला सांगायची गरज नव्हती.

मग तो प्रश्न आला. आग विझली की घरवाल्याला हवा दाबत होता का म्हणून विचारायचंच, हे गुडमुंडनंच आम्हाला लावलेलं वळण. आजवर ज्यांना विचारलं ते सगळे नाही म्हणाले होते, आणि गुडमुंड त्यांच्याकडं बघून नुसता मान हलवायचा. ओड्वार अंगणात बराच वेळ हातमोजे झटकत राहिला.

"इचार की," गुडमुंड म्हणाला. "इचारलंच पायजे."

"हवा दाबत व्हतास का?"

आम्ही सगळे बर्फाकडं बघत होतो. नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं, आम्ही मान हलवून गप्प बसलो असतो.

"व्हय," तो म्हणाला. "रोज. शेगडी घराला मोठी हुती. घेतली त्याच दिवशी मला कळलं व्हतं. लाज वाटली म्हनून बोललो न्हाई."

"मी काच पुसत हुते," ओस्हिल्ड मागून म्हणाली. कुणी तिला विचारलं नव्हतं. ती येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

पेटलेलं धुराडं पुन्हा पेट घेऊ शकतं, म्हणून पहारा ठेवावा लागतो. आम्ही आत जाऊन बसलो. शेगडी बंद, वीज नाही, धुराचा वास जावा म्हणून सगळ्या खिडक्या उघड्या. माझ्या बायकोनं थर्मासमधून कॉफी पाठवली होती, पण कपात ओतेपर्यंत तिची वाफ निघून जायची. आम्ही टोप्या आणि कोट घालून त्या थोरल्या शेगडीभोवती बसलो होतो आणि कुणाचे दात वाजत होते ते सगळ्यांना ऐकू येत होतं. गुडमुंडलाही ऐकू येत होतं. तो आतून घोंगड्या आणायचा, एकेकाच्या गुडघ्यावर टाकायचा, आणि पुन्हा आणखी आणायला जायचा. घोंगड्या संपल्यावर त्यानं आपल्या पलंगावरची रजई आणली. ती कुणाला द्यावी हे न कळून तो मध्येच उभा राहिला.

"थंडी वाजत असंल तुम्हास्नी," तो म्हणाला. आवाज असा की ऐकवेना.

"वाजतीया," ओड्वार म्हणाला. "म्हनून काय उठून जायाचं व्हय? बस खाली."

तो खाली बसला. रजई त्यानं स्वतःच्या मांडीवर घेतली आणि मान काही वर केली नाही. पहाऱ्याला दोघं पुरतात, हेही आम्हाला त्यानंच शिकवलेलं. त्या संध्याकाळी आम्ही सगळेच्या सगळे बसून राहिलो, आणि तुम्ही जा असं त्यानं कुणालाही म्हटलं नाही.