ठमीची घाई

ठमीनं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट घाईनं केली, ती म्हणजे बारीक होणं. एरवी तिचा कारभार गोगलगाईला लाजवणारा. बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसून ती माईकवरून गाड्या पुकारायची, तेही इतक्या निवांत सुरात की गाडी हलली तरी हिचं वाक्य चालूच. ताई म्हणायची, "तुझ्या भरवशावर बसलेला माणूस पायी लवकर पोचेल."

ताई तिच्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर ठमीला तिनंच वाढवलं. पुढच्या खोलीत ताईचं शिवणयंत्र, मागच्या खोलीत दोघींचा संसार. तिसरं कुणी नाही. त्यामुळे ताईची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा कुणी कुणाला विचारायची वेळच आली नाही. ठमी नुसती म्हणाली, "माझं एक घ्या." रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं. नडलं ते वजन. एवढ्या जाड माणसाचं मूत्रपिंड काढणं धोक्याचं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा ठमीनं आधी पोट लहान करायची शस्त्रक्रिया करून घेतली. वजन उतरवायचं आणि मग ताईला मूत्रपिंड द्यायचं, असा सरळ बेत.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हे पहिले महिने फार मोलाचे. भूक लागत नाही, वजन भराभर उतरतं. या दिवसांचं सोनं करा."

हे वाक्य ठमीनं पदराशी गाठ मारून ठेवलं. त्याच दिवशी आहार सांगणाऱ्या बाईंनीही पुष्कळ काही सांगितलं होतं. आधी अंडं, डाळ, दही पोटात जाऊ द्या, मग बाकीचं. प्रथिनांच्या पावडरीचं दूध चुकवू नका. गोळ्या चुकवू नका. जेवताना पाणी नको, घास अगदी लगदा होईपर्यंत चावा. तेव्हा ठमी मान डोलावत होती, पण मनात तिचा वजनाचा काटा केव्हाच खाली घसरू लागला होता.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. ताईला पाणी मोजून, कारण ते तिच्या अंगात साठायचं. ठमीला पाणी घोटघोट, कारण ते तिच्या पोटात मावायचं नाही. जेवायला बसल्या की पुढ्यात दोन लहान वाट्या आणि दोन त्याहून लहान पेले.

"काय थाट आहे आपला!" ताई म्हणायची. "घरात उंदीर शिरला ना, तर आपल्यालाच दोन दाणे ठेवून जाईल."

"हसवू नकोस गं ताई, टाके ओढतात."

ठमीचा एक निळा ड्रेस होता, ताईनंच शिवलेला. तो सैल झाला की ताई तिला आरशापुढं उभी करायची, तोंडात टाचण्या धरून बाजूनं, बाहीतून आत घ्यायची, आणि यंत्रावर एक टीप मारायची. उरलेलं कापड मात्र आतच मुडपून ठेवायची. गिऱ्हाइकांच्या कपड्यांतही तिची हीच रीत.

"काप की ते," ठमी म्हणायची. "मी काही परत फुगत नाही."

"अंगाचा काय नेम? आज असं, उद्या तसं. राहू दे आत. तुला टोचतंय का?"

पण ताई दिवसेंदिवस खंगत होती. डायलिसिसहून ती परत यायची तेव्हा चेहरा राखेसारखा. दाराच्या पायऱ्या चढताना कठड्याला धरून उभी राहायची आणि ठमीनं पाहिलं की उगाच कठड्यावरची धूळ झटकायची. ठमी खिडकीतून बघायची. लवकर. अजून लवकर. जेवढं कमी खाऊ तेवढं लवकर वजन उतरेल, असं तिनं मनाशी धरलं. भूक नव्हतीच, त्यामुळे अवघडही काही नव्हतं. पावडरीचं दूध मोरीत जाऊ लागलं. गोळ्यांनी मळमळायचं म्हणून गोळ्या सुटल्या. डब्यातलं उकडलेलं अंडं बसस्थानकावरच्या तांबड्या कुत्र्याला. ठमी वाळत गेली आणि कुत्रं गुटगुटीत झालं.

एकदा माप घेताना ताईचा हात थबकला. "कंबर जवळजवळ होती तिथंच आहे. मग दंड कुठं गेले? खातेस ना गं?"

"खाते की."

"आणि हे केस? कंगवा भरून निघतायत."

"ते या दिवसांत गळतातच. बाईंनी आधीच सांगितलंय."

केसांचं खरं होतं, म्हणून त्याच्या आडोशाला अंड्याचं खोटं खपून गेलं. ताईनं टेप गळ्यात अडकवला. तिला बसायचं होतं, आणि बसल्यावर पुन्हा उठून विचारायचं त्राण नव्हतं.

ठमी पडली ती कामावर, माईक चालू असताना. "फलाट तीनवरून सुटणारी..." एवढंच लोकांना ऐकू आलं. नेहमीची सवय असलेले लोक पुढच्या शब्दाची वाट बघत तसेच उभे राहिले.

दवाखान्यात काट्यावर उभी केली तेव्हा काटा हवा तिथं आला होता. ठमीनं आशेनं डॉक्टरांकडं पाहिलं. त्यांच्या हातात रक्ताच्या तपासण्या होत्या.

"वजन उतरलं, पण त्यात मांसच जास्त गेलं," ते म्हणाले. "रक्त नाही, ताकद नाही. अशा अंगावर आम्ही सुरी लावणार नाही. आधी खाऊन भरून काढा. काही महिने तरी जातील."

"पण ताईला तेवढे..."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

घरी आल्यावर ठमीनं सगळं ओकून टाकलं. मोरी, गोळ्या, कुत्रं, सगळं. ताई यंत्रापुढं बसली होती. ऐकताना तिनं कापडावरचा हात हलवला नाही.

"तुझ्यासाठीच केलं गं."

"माहीत आहे."

"चिड ना. एक तोंडात मार."

"मारायला हात उचलायला हवा," ताई म्हणाली. मग जरा थांबून, "त्या कुत्र्याचं मूत्रपिंड चालत असेल तर विचार. माझ्या वाटणीची अंडी त्यानंच खाल्लीत."

ठमी हसली आणि त्या हसण्यातच हुंदका फुटला. ताईनं तिला जवळ ओढलं नाही. उठून आत गेली, अंडं उकडलं, सोललं, तुकडे करून वाटीत घातलं आणि समोर ठेवलं.

"माझ्यासाठी उपाशी राहिलीस ना? आता माझ्यासाठी खा. फिट्टंफाट."

त्यानंतर ताई रोज समोर बसून खायला घालू लागली. ठमी चावायची, ताई बघायची. कधी बसवेना झालं तर पलंगावरून बघायची. ठमीच्या गालांवर हळूहळू रंग आला, कपाळाशी बारीक नवे केस उगवले. तेवढ्यात ताईला ताप भरला. साधाच वाटला होता, पण अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं. ठमीची पुन्हा तपासणी व्हायची होती, त्याच्या आधीच्या आठवड्यात ताई गेली.

तपासणीला ठमी गेली नाही. कामावर मात्र जायला हवं होतं. म्हणून एका सकाळी तिनं निळा ड्रेस काढला. बाही चढेना. दंड भरले होते. तिनं ड्रेस उलटा केला. आत ताईनं मुडपून ठेवलेलं कापड जसंच्या तसं होतं, कडेनं हातशिलाई घालून, सुटू नये म्हणून. तिनं ताईच्या कात्रीनं एक टीप उसवली. बाही बसली. उसवलेला दोरा कुठं ठेवावा ते तिला कळेना. शेवटी तो यंत्राच्या खणातच ठेवला.

दुपारी डबा उघडला तेव्हा तांबडं कुत्रं शेपूट हलवत खिडकीखाली येऊन बसलं. इतके दिवस कुठं होतीस, अशा नजरेनं बघायला लागलं.

"आज नाही रे," ठमी म्हणाली.

आणि ती अंडं खाऊ लागली, एकेक घास लगदा होईपर्यंत चावत. समोर बघणारं कुणी नव्हतं आणि घाईही आता कशाची नव्हती. बाहेर एक गाडी पुकारायची राहून गेली.