आठ नंबरचा दाणा

चैतालीचं पोलाद तीन दिवस उलटं वागत होतं. खरं पोलाद कॉलेजच्या प्रयोगशाळेत गुमान पडून होतं. हट्टाला पेटलं होतं ते लॅपटॉपमधलं.

तापून लाल झालेलं पोलाद निवायला लागलं की त्याची आतली घडण पालटते, आणि हा पालट सुरू होतो पोलाद ज्या सूक्ष्म दाण्यांचं बनलेलं असतं, त्यांच्या कडांवरून. दाणे बारीक, तर कडा जास्त, म्हणून पालट लवकर. सुरतेतल्या तिच्या लिंबायतच्या गल्लीसारखंच: खोल्या लहान, म्हणून उंबरे जास्त, म्हणून बातमी चटकन पसरते. चैतालीने हेच गणित संगणकाला शिकवलं होतं. पण पडद्यावर जाड दाण्यांचं पोलाद आधी पालटे, आणि बारीक दाण्यांचं सासरी निघालेल्या लेकीसारखं उंबऱ्यातच घुटमळे.

दुपारी तीनला सरांना आलेख दाखवायचा होता. तो सुलटा झाला नाही तर एम.टेक.चं आणखी एक वर्ष, असं सर हसत हसत म्हणाले होते. आणि सर हसून बोलले की ते खरं असतं.

अकरा वाजले. भिंतीपलीकडे माग खडखडत होते. ताट वाढून अर्धा तास झाला तरी लेक उठेना, तेव्हा रंभाबाईने ओट्यापाशी सूर लावला:

लोखंड निववी लेक, लॅपटॉपच्या पडद्यात
भाकर निवून गेली, बाई, वाढल्या ताटात

"आई, गाऊ नको गं, आकडे चुकतात!"

"ते गायच्या आधीच चुकलेत ना?"

खाटेवर गंगाराम कान देऊन बसला होता. तरुणपणी धुळ्याच्या कापड गिरणीत, मग तीस वर्षं सुरतेच्या मागांवर, असा त्याचा जन्म धाग्यात गेलेला. "पोरी, दाणा किती जाड, हे त्या पेटीला कळतं कसं?"

"नंबर देते ना पप्पा. प्रयोगशाळेने तक्ता दिलाय. या तुकड्याचा तीन, त्याचा आठ."

"म्हणजे आठवाला जाड?"

"मग? मोठा नंबर, मोठा दाणा. आपल्या धाग्याचं नाही का, तीस डेनियर बारीक, दीडशे जाड. लहानपणापासून बॉबिनी भरल्यात मी."

गंगारामने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खाकरला. "एक माणूस होता."

रंभाबाईची पळी हवेतच थांबली.

"धुळ्याहून नवाच आलेला. तिकडे कापसाचं सूत. त्याचा नंबर जितका मोठा, तितकं ते बारीक. ऐंशीचं तर फुंकलं की उडेल! इथे पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला, सबसे बारीक लाओ. त्याने गोदामातला सगळ्यात मोठा नंबर शोधला, दीडशे, आणि चढवला मागावर."

"मग?"

"साडी झाली की. उभी राहायची. नेसणारी नसली तरी."

"गोणपाट!" रंभाबाई ओरडली आणि अहिराणीवर आली. "त्या माणूसनं नाव सांगा ना!"

"नाव कशाला? गेला तो."

"कुठे गेला? खाटेवर बसलाय!"

चैताली बघतच राहिली. सारी गल्ली पप्पांना गोणपाटमामा म्हणायची, आणि पप्पा सांगायचे, मी गोणपाटासारखा टिकाऊ ना, म्हणून.

"ते राहू दे," गंगाराम कानापर्यंत लाल झाला. "एवढंच बघ, तुझ्या पोलादाचा नंबर सुरतेच्या चालीचा की धुळ्याच्या?"

तिने तक्त्याखालची बारीक टीप पहिल्यांदाच वाचली. मोठा नंबर, बारीक दाणा. धुळ्याच्या!

एक ओळ बदलली. पडद्यावर गोधडीसारखे रंगीत दाणे उमटले, आणि आधी बारीक दाण्यांच्या कडा भराभर फुलत गेल्या. गार भाकरी चार घासांत संपवून चैताली रिक्षाकडे पळाली.

तीन वाजता सरांनी आलेख खूप वेळ न्याहाळला आणि सही केली. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "परवापर्यंत तर उलटा होता. चूक सापडली कशी?"

चैतालीने घसा खाकरला, थेट पप्पांसारखा.

"सर, एक माणूस होता."