टिपेटच्या रानातली वाट

ऑड्री गॉसने फाटकावरचं कुलूप मुठीत धरून दोनदा हिसकलं आणि सोडून दिलं. लोखंडावर लोखंड आपटलं तसा क्लेम दचकला.

"उघडतील गं आता," हेस्टर म्हणाली. "किल्ली वकीलबाईंकडे आहे."

"ठाऊक आहे मला. माझं आपलं समाधान."

हेस्टरने नवऱ्याचा कोपर जरा घट्ट धरला. गेल्या ऑक्टोबरपर्यंत क्लेम रोज सकाळी या फाटकातून रानात शिरायचा, रान ओलांडून चर्चच्या मागे निघायचा आणि तासाभरात घरी यायचा. सकाळी काय खाल्लं ते त्याला दुपारी आठवत नसे, पोटच्या मुलीचं नाव कधी आठवे, कधी नाही. पण ही वाट त्याच्या पायांना पाठ होती. मग टिपेटचं रान नव्या मालकाने विकत घेतलं, फाटकाला कुलूप लागलं आणि क्लेम परत फिरायचं सोडून हमरस्त्याने चालू लागला. दोनदा त्याला ट्रकवाल्यांनी घरी आणून सोडलं. तिसऱ्यांदा कोणी आणेल की नाही, या धास्तीने हेस्टर दाराला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवू लागली. तो दाराशी येऊन मूठ फिरवत राही, आणि ती स्वयंपाकघरात पाठ करून उभी राही. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिने याहून वाईट काम केलं नव्हतं.

"बंद आहे," क्लेम फाटकाकडे बघत म्हणाला.

"आज उघडणार आहेत, क्लेम."

"आता पुन्हा एकदा ऐक," ऑड्रीने तिला बाजूला ओढलं. गावातर्फे वाटेचा हा सगळा लढा ऑड्रीने अंगावर घेतला होता, आणि अंगावर घेतलेलं काम ती दुसऱ्याच्या अंगात भिनेपर्यंत सोडत नसे. "अधिकारी विचारतील, या वाटेने जायला कधी कुणाची परवानगी मागितली होती का. तू काय म्हणणार?"

हेस्टरने बुटांकडे पाहिलं.

"एकतीस जणांनी फॉर्म भरले, हेस्टर. तिसांनी 'नाही' लिहिलं. एका बाईने तेवढाच रकाना कोरा ठेवला. चष्मा घरी राहिला होता का तिचा?"

गंमत अशी, की कायदा इथे सभ्य माणसाच्या विरुद्ध होता. वीस वर्षं कुणालाही न विचारता, उघडउघड चाललेली वाट सगळ्यांची होते. पण विचारून चाललात तर ती मालकाची मेहेरबानी. त्याने आज दिली, तो उद्या काढून घेईल. आणि हे गाव असं, की दुसऱ्याने आपल्या पायावर पाय दिला तर माफी आपण मागायची. त्या गावात हेस्टर बालवर्गाची शिक्षिका होती. मे महिन्यात रानात ब्लूबेलची निळी फुलं फुलली, की लहान पोरांना रांगेने दाखवायला न्यायचं तिच्या मनात आलं, आणि बावीस पोरांचे चव्वेचाळीस पाय कुणाच्या रानात घालायचे तर निदान विचारावं तरी, म्हणून ती जुन्या मालकाच्या, एर्नी कॉबोल्डच्या दारात गेली. गावातर्फे विचारायला आलेय, असं म्हणाली. त्याला आता तेहेतीस वर्षं झाली. म्हाताऱ्याने तिला असं काही झाडलं, की ती घरी येऊन रडली आणि ती गोष्ट तिने कुणालाच, अगदी क्लेमलाही सांगितली नाही. ऑड्रीला कायदा समजावताना ऐकलं तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की आपल्या एका शिष्टाचारापायी अख्ख्या गावाची वाट बुडणार.

दहाच्या ठोक्याला मिस्टर थ्रेल आले. सरकारने नेमलेले चौकशी अधिकारी ते हेच. काटकुळा माणूस, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला नकाशा. बाकीच्या साक्षी काल गावच्या हॉलमध्ये झाल्या होत्या. क्लेमला बंद खोलीत बसवत नाही म्हणून हेस्टरची तेवढी त्यांनी इथे फाटकाशी घ्यायची ठेवली होती. ऑड्रीने पुढे केलेली पेपरमिंटची गोळी त्यांनी हात जोडल्यासारखं करून नाकारली. "कुणाकडून काही घेता येत नाही मला. पेपरमिंटसुद्धा." मागोमाग मालकाच्या वकील मिस लीथ आल्या. तरुण, चुणचुणीत, पायांत अगदी नवे कोरे बूट.

थ्रेल कुंपणापाशी पडलेल्या ओंडक्यावर बसले आणि वही उघडली. किती वर्षं चालता, कोणत्या ऋतूत, वाटेत कधी कोणी अडवलं का. हेस्टरने उत्तरं दिली. आवाज तिला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

"आता हा रकाना राहिलाय. कधी परवानगी मागितली होती?"

ऑड्री आभाळाकडे बघत होती. 'नाही' म्हणायला काय लागतं? एर्नी कॉबोल्ड मातीत जाऊन वीस वर्षं झाली, त्याच्याखेरीज साक्षीला कोणी नव्हतं. हेस्टरने क्लेमकडे पाहिलं. तो फाटकाच्या गजांतून आत बघत होता, पहिल्या दिवशी शाळेच्या बाहेर राहिलेल्या पोराने बघावं तसा. याच्यासाठी मी खोटं बोलेन, असं ती रात्रभर घोकत होती. पण पंचवीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेली जीभ ऐन वेळी वळेना.

"हो," ती म्हणाली. "मागितली होती."

ऑड्रीने डोळे मिटले. मिस लीथचं पेन एकदम चालू लागलं.

"कोणाकडे?"

"मिस्टर कॉबोल्डकडे. माझ्या वर्गातल्या मुलांसाठी. आणि गावातर्फे, असंही म्हणाले मी."

"मला एवढंच हवं होतं," मिस लीथ म्हणाल्या. अगदी सौम्यपणे म्हणाल्या, कारण बाई काही वाईट नव्हत्या.

"मला नाही," थ्रेल म्हणाले. "मिसेस विंटल, त्यांनी काय उत्तर दिलं?"

हेस्टरच्या कानशिलांत रक्त चढलं. "ते सांगायलाच हवं का?"

"आठवत असेल तर."

"आठवतं ना. अक्षरन् अक्षर आठवतं." तिने घसा साफ केला. "ते मेंढरांच्या गोठ्यात होते, हात कोपरापर्यंत भरलेले. म्हणाले, 'मला काय विचारतेस, बये? ती वाट माझी आहे का? माझ्या बापाला कोणी विचारलं नाही, आज्याला विचारलं नाही, आणि ही शहाणी विचारायला आली. ज्यांना जायचं ते जातात, मी कोण हो म्हणणारा आणि नाही म्हणणारा? आता दार लाव, वारा येतोय, कोकरू गारठेल.'" ती थांबली. "मग एक शिवीही दिली. ती नाही सांगणार."

थ्रेलनी वही गुडघ्यावर सरळ केली.

"मग तुम्ही काय केलंत?"

"दार लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायरीवर मुरांब्याची बरणी ठेवली."

"मोबदला?" मिस लीथनी मान वर केली.

"छे हो. माफी म्हणून. कामाच्या वेळी त्रास दिला ना मी."

"आणि मुलांना नेलंत?"

"नेलं. इतकं बोलून घेतल्यावर न नेऊन काय करणार?"

थ्रेल लिहीत होते. लिहून झालं तेव्हा त्यांनी पान उलटलं नाही. "पुन्हा एकदा सांगाल? 'माझी आहे का' पासून. मला त्यांचे शब्द जसेच्या तसे हवेत."

तिने पुन्हा सांगितलं. सांगता सांगता तिला दिसलं, की मिस लीथचं पेन बंद होऊन पर्समध्ये गेलंय. ऑड्रीचा चेहरा लाल होत चालला होता, आणि तो रागाने नव्हे.

"अगं ए बाई," ऑड्री तिच्या कानाशी कुजबुजली, "खुद्द मालकाच्या तोंडचं वाक्य तेहेतीस वर्षं दाबून बसलीस? आम्ही सगळे मिळून जे सिद्ध करू शकलो नाही ते तो खडूस म्हातारा सांगून गेला, आणि तू म्हणे रडत होतीस."

"ओरडले होते गं ते माझ्यावर."

"ओरडले म्हणूनच तर. गोड बोलून 'जा हो' म्हणाले असते तर आज मेलो असतो आपण."

हेस्टरचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांचा अपमान असा एका क्षणात बिनकामाचा ठरला, की तिला हसू आलं आणि ते लपवायला तिने रुमाल काढला.

"निकाल पत्राने कळेल," थ्रेल उठत म्हणाले. "आज मी काहीच म्हणत नाही. फक्त वाट चालून बघायची राहिलीय. किल्ली?"

फाटक उघडलं. बीचच्या झाडांची पानं नुकती फुटली होती, ऊन त्यांतून गाळून खाली येत होतं, आणि खाली जमीन म्हणून दिसत नव्हती. नजर जाईल तिथवर ब्लूबेलच. शंभर पावलांवर एका दुभंगलेल्या बीचपाशी थ्रेल थांबले, नकाशा उलटसुलट धरून बघू लागले.

"माझ्या अशिलाचं म्हणणं हेच आहे," मिस लीथ म्हणाल्या. त्यांनी अजून हार मानली नव्हती. "इथून पुढे वाट दिसतच नाही. मुळात होती का, हाच प्रश्न आहे."

खरंच दिसत नव्हती. सात महिने पाऊल न पडलेल्या जागी फुलांनी हात धुऊन घेतले होते. ऑड्रीने बोट उचललं.

"कोणी दाखवू नका, प्लीज," थ्रेल म्हणाले.

ऑड्रीने बोट खाली घेतलं. हेस्टरला वाट डोळे मिटूनही सांगता आली असती. पण तिला वाटेची काळजी नव्हती, क्लेमची होती. सात महिने खूप असतात. मुलीचं नाव तर त्याने एका हिवाळ्यात घालवलं होतं. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग तिने क्लेमचा कोपर सोडून दिला.

क्लेम आपल्या मोकळ्या हाताकडे बघत राहिला. झाडाकडे त्याने पाहिलंही नाही. टोपी सारखी केली, आणि डावीकडे, गुडघाभर फुलांत, घरच्या अंगणात शिरावं तसा शिरला. थ्रेलनी एकदा नकाशा पाहिला, एकदा त्याची पाठ पाहिली, आणि नकाशाची घडी करून ते त्याच्या मागे निघाले. त्यांच्या मागे मिस लीथ, मग ऑड्री. हेस्टरला पाय उचलायला जरा वेळ लागला, कारण डोळ्यांपुढचं सगळं निळं एकमेकांत मिसळलं होतं.

बरंच आत गेल्यावर एके ठिकाणी क्लेमने पाऊल नेहमीपेक्षा उंच उचललं आणि पलीकडे टाकलं. तिथे फुलांखेरीज काहीच दिसत नव्हतं.

"मूळ आहे तिथं," मागे न बघता तो म्हणाला. "सांभाळून, पोरी."

मिस लीथनी पाय उचलला.