पिवळ्या कण्हेरीच्या फांद्या

बाभुळगावातल्या डोमाजींच्या घरासमोर पिवळी कण्हेर होती. बायकोनं, इंदूबाईनं, बोरी अरबच्या माहेराहून बी आणून लावलेली. इंदूबाई जाऊन चार वर्षं झाली, तरी एसटीतून रिटायर झालेले डोमाजी रोज सकाळी त्या झाडाखाली बादलीभर पाणी ओतत. झाड विषारी आहे हे त्यांना ठाऊक होतं. पडलेली हिरवी फळं ते न चुकता वेचत, छाटताना हाताला चीक लागला की साबणानं धूत.

दसऱ्यानंतर फांद्या विजेच्या तारेला लागू लागल्या, म्हणून त्यांनी छाटल्या. कंबर भरून आली, तारेकडची एक फांदी राहूनच गेली. ढीग कुंपणाबाहेर टाकून ते आत गेले. उद्या उचलू, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या जमनीबाईची शेळी तोंडाला फेस येऊन मेली. मागं वीस दिवसांची दोन पिल्लं.

"साप चावला असंन," कोणीतरी म्हणालं. जमनीबाईनंही तेच धरलं.

डोमाजींनी ढिगाकडं पाहिलं. वरची पानं कुरतडलेली होती. त्यांनी फांद्या गुपचूप उचलून परसात खड्डा करून पुरल्या. कुणाला कळणार नव्हतं. पण संध्याकाळी त्यांनी भाकरी वाढून घेतली, खाल्ली नाही. ताट तसंच झाकून ते जमनीबाईच्या दारात गेले.

"बाई, साप नाही चावला. माह्या कण्हेरीच्या फांद्या खाल्ल्या तिनं."

जमनीबाई पिल्लाला चमच्यानं दूध पाजत होती. हात थांबला.

"तुमाले मालूम होतं ना, जहरी हाय म्हनून?"

"होतं."

"मंग कायले फेकल्या रस्त्यावर?"

"झाड उद्याच तोडतो," डोमाजी म्हणाले.

"झाड तोडून माही बकरी येनार हाय का? ह्या पिल्लाइले कोन पाजन ते सांगा. मी तं सकाळीच कापूस वेचाले जातो."

म्हणून दुसऱ्या दिवशी दोन्ही पिल्लं डोमाजींच्या ओसरीवर आली. मेडिकलमधून बाटली आणली, दूध कोमट केलं. धाकटं पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. डोमाजींनी त्याला पुरलं आणि थोरल्यासाठी दूध कोमट करायला आत गेले. थोरलं मात्र बाटलीला चांगलं झोंबायचं.

महिनाभर जमनीबाई कामापुरतंच बोलली. पिल्लू पाला खाऊ लागलं तसं एक दिवस ते न्यायला ती आली. खांद्यावर कुदळ होती.

"झाड ठेवा, भाऊ. वहिनीचं हाय," ती म्हणाली. "पन छाटाल तवा मले आवाज द्या. आधी खड्डा खनू, मंग कोयता लावू. आज तारेकडची ती फांदी राह्यलीच हाय."

डोमाजींनी पिल्लाला ओसरीत दूर बांधलं. जमनीबाईनं परसात जागा पाहिली आणि खणायला घेतलं.