मोबाची हाक

वुकोसावाने कमरेची टोपली सोडून ओळीच्या कडेला ठेवली आणि लाल झालेले हात पिंपातल्या पाण्यात बुडवले. रासबेरीची पहिली ओळही अजून पुरी झाली नव्हती.

"आई, आत्ता निघालात?" सून दुशित्सा झुडपाआडून म्हणाली. "आभाळ बघा. आज राहिलेलं फळ उद्या मऊ पडून मातीत जाईल."

"म्हणून तर आजची सभा लावलीय. नगराध्यक्षाला काय तोडणीचे दिवस कळत नाहीत? आम्ही खेड्यातले नगरसेवक मळ्यात अडकलो की त्याचा ठराव बिनबोभाट पार."

ठराव सगळ्या गावाला पाठ होता. मोटारींसाठी तारांच्या जुड्या बांधणाऱ्या परदेशी कंपनीला पालिकेने जमीन फुकट द्यायची, वर प्रत्येक नोकरीमागे रोख अनुदान. तोच पैसा गावच्या शीतगृहाला आणि पाळणाघराला लावा, म्हणून वुकोसावा हिवाळाभर चिखल तुडवत दारोदार फिरली होती. आज ती गेली तर ठराव एका मताने पडणार होता. राहिली तर मंजूर.

आणि मंजूर झाला तर दुशित्साचा नवरा राय्को परत येणार होता. व्हिएन्नातल्या बांधकामावरून, कारखान्यात मुकादम म्हणून. आलुबुखाराच्या सावलीत निजलेल्या त्यांच्या लहानग्या लेन्काने बापाला फक्त फोनवर पाहिलं होतं.

"तुम्हाला तुमचा मुलगा घरी नको का?" दुशित्साच्या तोंडून निघून गेलं.

सभेसाठी चढवलेल्या ब्लाउजची बटणं लावता लावता वुकोसावाची बोटं थांबली. ती चिडली नाही.

"बुटांचा कारखाना आठवतो ना? त्यालाही असंच दिलं होतं सगळं. अनुदानाची मुदत संपली, आणि ईस्टरच्या सुट्टीत यंत्रं ट्रकवर चढली. राय्को तिथेच होता. गाव सोडायची पाळी त्याच्यावर तेव्हाच आली." ती बांधावर बसली. "पण नवरा तुझा आहे, पोर तुझी आहे. तू थांबा म्हण, मी थांबते. टोमणा नाही मारत, खरंच सांगते."

दुशित्साने लेन्काच्या कपाळावरची माशी हाकलली. नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. म्हातारी थांबली असती, आणि जन्मात पुन्हा तो विषय काढला नसता. तेच तिला सहन होईना.

ती उठली, कुंपणापाशी गेली आणि ओरडली, "मोबा! वुकोसावाच्या मळ्यात मोबा!"

आवाज चिरकला. ही हाक घरच्या कर्त्या बाईने द्यायची. ती ऐकली की शेजाऱ्यांनी हातातलं काम टाकून यायचं. मजुरी नाही, दुपारचं जेवण तेवढं. सुनेने ती दिल्याचं गावात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"अगं, अजून जिवंत आहे मी," वुकोसावा म्हणाली. पण ती उठून वाटेला लागलीही होती.

शेजारची मिलुन्का आली, तिच्या जावा आल्या. सगळ्यांच्या मागून कुरकुरत तिओसावकाका आला. कारखाना येणार म्हणून त्याच्या मुलाने लग्नही ठरवलं होतं.

"म्हणजे मी हिची फळं तोडायची, आणि ही बया तिकडे माझ्याच पोराच्या नोकरीविरुद्ध हात वर करणार?"

"मग नका येऊ, काका."

"मोबाला नाही म्हणू? माझी आई थडग्यातून उठून कानाखाली वाजवेल." त्याने टोपली कमरेला बांधली. "आणि जेवायला काय आहे?"

"राजम्याचं कालवण."

"त्यात मांस?"

"बघू, तोडता किती त्यावर."

दुपार कलली तेव्हा वुकोसावा रस्त्यावर दिसली. चालीवरून काहीच कळेना. ओळींमधले हात थबकले.

"ठराव पडला," ती म्हणाली. "शीतगृहाचं पुढच्या सभेत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिओसाव बाजूला थुंकला.

"वाटोळं केलंस, वुका."

आणि वळून आपली उरलेली ओळ तोडू लागला. एकेक फळ अलगद, देठाला धक्का न लावता.

दुशित्साच्या खिशात फोन वाजला. राय्कोची आजची पाळी संपली असणार.

वुकोसावाने हात पुढे केला. "दे इकडे. मत माझं होतं, मी सांगते त्याला."

दुशित्साने बोटं पुसली आणि लेन्काला कडेवर घेतलं.

"नको, आई. हाक मी दिली होती," ती म्हणाली, आणि फोन कानाला लावला.