डावा तळहात

सोमवारी लातूरला माणिकप्पाच्या मानेचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि शुक्रवारी सकाळी आम्ही उदगीरहून नांदेडला निघालो.

माणिकप्पा माझा धाकटा भाऊ. त्याचं कापडाचं दुकान आहे. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. संध्याकाळी ओट्यावर गल्लीतली पोरं घेऊन बसतो, एवढंच आता माझं काम. गाडी त्याचा मुलगा मल्लिनाथ चालवत होता. मागे माणिकप्पा आणि त्याची बायको नागम्मा. कुणी फारसं बोलत नव्हतं. दिवाळीपासून दवाखाने करून करून घरातलं बोलणंच आटलं होतं.

लोह्याला चहासाठी थांबलो. नागम्मानं कप त्याच्या उजव्या हातात दिला. डावा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"अण्णा," माणिकप्पा म्हणाला, "तुमच्या वर्गातल्या ढ पोराची बी एवढी परीक्षा झाली नसंल."

"मी कुणाला नापास करत नव्हतो रे."

"म्हणूनच आमचा मल्ल्या असा निघाला."

मल्लिनाथ हसला नाही. त्याला हे नांदेडचं मुळीच मान्य नव्हतं. "फिल्ममधी नस दबलेली दिसायली. सोमवारी ऑपरेशन हाय. आता अजून कुणाला काय दाखवायचं?"

पण उदगीरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी म्हटलं होतं, मानेला हात लावण्याआधी एकदा नसांच्या डॉक्टरांना दाखवा. म्हणून मी हट्ट धरला होता. दिवाळीच्या गर्दीत वरच्या फळीवरचा साड्यांचा गठ्ठा काढताना माणिकप्पा शिडीवरून पडला, आणि तेव्हापासून डाव्या हाताची पकड गेली, असं आम्ही सगळीकडे सांगत आलो होतो. लातूरच्या डॉक्टरांनी तेच धरून इलाज ठरवला. त्यात त्यांचं काय चुकलं?

नांदेडच्या दवाखान्यात दुपार होत आली तेव्हा नंबर लागला. डॉक्टर शिल्पा माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या होत्या. त्यांनी फायली बाजूला ठेवल्या, पंखा बंद केला, माणिकप्पाला सदरा काढायला सांगितला आणि नुसत्या बघत बसल्या. मला बरं वाटलं. वर्गात नवीन पोर आलं की लगेच प्रश्न विचारायचा नसतो. ते पाटी कशी धरतं ते आधी बघायचं असतं.

त्यांच्यामागून मीही पाहिलं. माणिकप्पाच्या दंडाच्या कातडीखाली मधूनच बारीक लहर उठत होती, पाण्याखालून मासोळी सरकावी तशी. तळहाताची अंगठ्याकडची गादी उतरून गेली होती; करंगळीकडची मात्र शाबूत. इतके महिने एका घरात राहून हे मला दिसलं नव्हतं.

मग त्यांनी रबरी हातोडीनं कोपरावर, मनगटावर, गुडघ्यावर हलके ठोके दिले. सुकलेला हात ताडकन उडाला. कापूस फिरवला, टाचणी टोचली.

"लागतं का काका?"

"लागतं की. तुमची टाचणी चांगली हाय."

टाचांवर चालायला सांगितलं, तर डावं पाऊल वर उचलेना. तळपायावर किल्ली ओढली, तर अंगठा वरच्या बाजूला वळला.

"मॅडम, मानेचंच हाय ना?" मल्लिनाथनं विचारलं.

त्या खुर्चीत बसल्या. "मेंदूपासून मणक्यापर्यंत एक तार येते, आणि मणक्यापासून स्नायूपर्यंत दुसरी जाते. दुसरी बिघडली की स्नायू वाळतो, आतल्या आत थरथरतो. पहिली बिघडली की ठोक्याला अंग जास्त उडतं, पायाचा अंगठा वर वळतो. काकांच्या एकाच हातात दोन्ही खुणा आहेत. आणि मान दबली की बहुतेकदा स्पर्शही कमी होतो, तो पूर्ण शाबूत आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे एका मोठ्या आजाराची शंका येते. पण त्याचा असा एकच रिपोर्ट नसतो, की कागद आला आणि समजलं. खुणा जुळाव्या लागतात, त्या हळूहळू वाढत गेलेल्या असाव्या लागतात, आणि दुसरं कुठलं कारण नाही ना, ते बघावं लागतं. मान दबल्यानंही यातलं बरंच काही होतं. पडल्यामुळे हे एकदम सुरू झालं असेल, तर ऑपरेशन थांबवणं माझी चूक ठरेल. आधीपासूनच असेल, तर ऑपरेशनचा उपयोग नाही, उलट त्रास वाढेल. काका, आधी की नंतर?"

"नंतर," मल्लिनाथ म्हणाला.

"मी काकांना विचारलं."

माणिकप्पा भिंतीवरच्या मणक्याच्या चित्राकडे बघत राहिला. डॉक्टरांनी नागम्माला विचारलं, "काकू, पहिल्यांदा हातातून काय पडलं?"

"कात्री," नागम्मा म्हणाली, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"कधी?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बोलला तर सोमवार जाणार, हे त्यालाही कळलं होतं. ऑपरेशन म्हटल्यावर निदान एक वाट दिसत होती. डॉक्टरांच्या बोलण्यात तीही दिसत नव्हती. मल्लिनाथ बापाच्या तोंडाकडे बघत होता.

"कात्री न्हाई," माणिकप्पा शेवटी म्हणाला. "लिंग पडलं."

आम्हा लिंगायतांत सकाळी गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढतात, डाव्या तळहातावर ठेवतात आणि त्याच्यावर नजर लावून पूजा करतात. ते हातातून सुटणं जुनी माणसं मरणाची सूचना समजतात. असं झालं तर कुणी कुणाला सांगत नाही.

"श्रावणात," माणिकप्पा पुढे म्हणाला. "आधी वाटलं, हात ओला हाय. मग पुन्हा पडलं. तेव्हापासून दार लावून पूजा करतो. ही हाताखाली उशी देती. मीच हिला शपथ घातली होती."

"अप्पा, लातूरला का सांगितलं न्हाई?" मल्लिनाथचा आवाज चढला.

"डाक्टरला देवाचं कशाला सांगायचं, वाटलं."

"आणि शिडीवरून कसे पडलात?" डॉक्टरांनी हळू विचारलं.

"पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवला, असं वाटलं मला." तो थांबला. "उचललाच नव्हता."

आम्ही सगळे पडण्यालाच कारण धरून बसलो होतो. पडणं हेसुद्धा त्याच आजाराचं होतं.

दुपारी स्नायूंत सुया टोचून तपासणी झाली. हातात, पायात, पाठीत, शेवटी जिभेतही. तो ओरडला नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. रक्ताच्या काही तपासण्या यायच्या होत्या, पण त्यातून वेगळं निघेल अशी आशा दाखवणं त्यांना बरोबर वाटत नव्हतं. गोळीनं वेग थोडा कमी होतो. गिळणं आणि श्वास यांच्यावर लक्ष ठेवावं लागेल. बरं होत नाही. त्यांनी हे सगळं माणिकप्पाकडे बघून सांगितलं, आमच्याकडे नाही. लातूरला त्यांनी स्वतः फोन लावला.

परतताना मल्लिनाथ एकदाच बोलला. "ऑपरेशन तरी होतं हाताशी."

"हाव," माणिकप्पा म्हणाला. "मलाबी तसंच वाटत होतं."

नागम्मानं डोकं काचेला टेकवलं. "लई दिवस झाले अण्णा, तोंड दाबून दाबून," ती मला म्हणाली आणि लगेच झोपली. कित्येक महिन्यांची राहिलेली झोप असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेच्या खोलीचं दार उघडं होतं. मल्लिनाथची मुलगी दामिनी दारातून आत वाकून बघत होती. तिची इष्टलिंगाची दीक्षा झालेली आहे; पूजा कशी करायची ते मीच तिला शिकवतो आहे. माणिकप्पानं तिला आत बोलावलं. उशी कोपऱ्यात ठेवलेली होती.

"अण्णा, हिला दाखवा, हात कसा धरायचा."

मी तिला त्याच्यासमोर बसवलं. "घट्ट पकडायचं नाही. आपला तळहात आजोबांच्या तळहाताखाली द्यायचा. आधी वजन कळू दे. हं. आता कोपर मांडीवर टेकव, म्हणजे दमणार नाहीस."

माणिकप्पानं उजव्या हातानं लिंग तळहातावर ठेवलं. भस्म लावलं, बेल वाहिला आणि नजर स्थिर केली. दामिनी आपल्या हाताकडे बघत होती.

"आजोबा," ती कुजबुजली, "तुमचा हात आतून हलतोय."

"हलू दे," तो नजर न काढता म्हणाला. "तू नको हलू."